डावा हात वर केला की थांबतात

दाताच्या डॉक्टरकडे मी जातच नव्हतो असं नाही. या दवाखान्यापर्यंत गेल्या दोन वर्षांत तीनदा जाऊन आलोय. पहिल्यांदा जिन्यातूनच मागे फिरलो. दुसऱ्यांदा वर पोचलो, काचेच्या दारातून तो झूंऽऽ आवाज आला, लगेच मोबाईल कानाला लावला आणि "हां बोला, बोला" करत खाली उतरलो. फोन कुणाचाच नव्हता. तिसऱ्यांदा थेट रिसेप्शनपर्यंत गेलो आणि विचारलं, "इथे सीए बसतात ना?" तिथली मुलगी हसलीसुद्धा नाही. म्हणाली, "काका, सीए खालच्या मजल्यावर. पण बरेच जण आधी इथेच विचारतात."

चौथ्यांदा गेलो तेव्हा खुर्चीत बसलो. त्याची ही हकीकत, दवाखान्याचा रिव्ह्यू म्हणून.

माझं वय ४९. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात, २४ वर्षं झाली. दिवसभर हातात ड्रिल, रीमर, एंडमिल, तेव्हा मशीनच्या आवाजाला घाबरतो असं मला कुणी म्हणू नये. भीती बसली ती १४ वर्षांपूर्वी, याच शहरातल्या दुसऱ्या एका दवाखान्यात. उजवी खालची दाढ चार दिवस ठणकत होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि दोन-तीन मिनिटांत पक्कड घातली. ओठ जड झाला होता, पण दाढेला धक्का लागला की कळ थेट कानात जायची. मी ओरडलो. डॉक्टर म्हणाले, "भूल दिलीय, दुखायला नको. एवढा मोठा माणूस!" असिस्टंटने खांदे धरले. दाढ निघाली. बाहेर बाकावर सात-आठ वर्षांचा एक पोरगा आईला चिकटून बसला होता. मला बघून त्याने जे भोकाड पसरलं ते अजून कानात आहे. घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. मनात एवढंच बसलं की भूल सगळ्यांना चढते, आपणच भित्रे.

पुढची वर्षं लवंग, मिठाच्या गुळण्या आणि मेडिकलमधली गोळी यांवर काढली. उजवीकडे दाढच नाही, म्हणून घास कायम डावीकडे. डाव्या दाढेत काळा ठिपका दिसत होता, थंड लागायचं. मी थंड बंद केलं. उसाचा रससुद्धा बिगरबर्फाचा.

चैत्रात शेजारी वणीच्या गडावर जाऊन आले, त्यांनी प्रसाद दिला. फुटाण्यांत एक गणंग निघाला. कट्ट झालं. मला वाटलं गणंग फुटला. जिभेवर आला तो दाढेचा टवका.

त्यानंतरच्या तीन रात्री ज्याला दाढदुखी झालीय त्यालाच कळतील. आडवं झालं की ठणका दुप्पट, उठून बसलं की जरा उतार. माठातलं पाणी तोंडात धरलं की दहा-बारा सेकंद आराम, पाणी कोमट झालं की पुन्हा सुरू. तिसऱ्या रात्री अडीच वाजता तांब्या घेऊन गच्चीत फेऱ्या मारत होतो. खाली सिडकोत सगळी सामसूम, एक कुत्रं तेवढं माझ्याकडे बघत होतं. मुलगी वर आली. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "पप्पा, सकाळी फोन करून संध्याकाळची वेळ घेते. मी सोबत येणार. सीएकडे जायचं नाही." तिला ते कुणी सांगितलं, मला अजून कळलेलं नाही.

दवाखाना कॉलेज रोडच्या आतल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. आधी तक्रारी सांगून टाकतो. सव्वासहाची वेळ दिली होती, आत घेतलं सात वाजता. संध्याकाळी हे ठरलेलंच आहे, नंतर दोनदा तसंच झालं. जमत असेल तर दुपारी तीनची वेळ घ्या, तेव्हा रिकामं असतं. लिफ्ट आहे, पण मी गेलो त्या सहापैकी चार वेळा बंद होती. दुचाकी लावायला जागा नाही, मी गाडी लांब लावून चालत आलो. वेटिंगमध्ये टीव्हीवर बातम्या एवढ्या मोठ्याने लावतात की दाढ नसली दुखत तर डोकं दुखेल. सांगितल्यावर आवाज कमी केला. आमच्या मागून आलेल्या आजोबांनी तो परत वाढवला.

आता आतलं.

डॉक्टर पस्तिशीच्या मॅडम. बसल्याबसल्या खुर्ची आडवी केली नाही, हे मला पहिलं आवडलं. आडवं पाडून, तोंडावर दिवा मारून प्रश्न विचारले की माणूस निम्मा तिथेच खचतो. मी सरळ बसलेलो, त्या समोर स्टुलावर. विचारलं, शेवटचं कधी दाखवलं होतं? म्हटलं, चौदा वर्षं झाली. बोलणी खायची तयारी करूनच गेलो होतो. त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. मग आत्ता काय झालं?" बास. त्या चौदा वर्षांवर दुसरा शब्द नाही.

मग म्हणाल्या, "भीती नेमकी कशाची वाटते? सुईची, आवाजाची, की दुखेल याची?"

मला उत्तर माहीत होतं असं नाही, तोंडातून निघून गेलं. "दुखतंय म्हटलं तरी थांबत नाहीत, त्याची."

"मग आपलं ठरलं. तुम्ही डावा हात वर केला की मी थांबणार. का वर केला, ते विचारणार नाही."

असं म्हणणारे पुष्कळ असतात. आमच्याकडे नवीन गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, आलं की आधी ते चेक करून मगच वापरायचं, ती सवय. आरसा तोंडात जाऊन मिनिटही झालं नसेल, मी हात वर केला. काहीही होत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात बाहेर काढले आणि थांबल्या. मी म्हटलं, "काही नाही, बघत होतो." त्या म्हणाल्या, "बघा की. पुन्हा बघायचं असलं तर पुन्हा बघा."

मुलगी कोपऱ्यात हसत होती.

एक गोष्ट मुलीसमोर बोलायची नव्हती, म्हणून मी तिला पाणी आणायला बाहेर पाठवलं. १९ वर्षं तंबाखू-चुना खाल्लाय. शॉपफ्लोअरवर नाइटला सगळेच मळतात. तीन वर्षांपूर्वी सोडली, पण जेवणानंतर सुपारी चालू होती. आमच्याच लाइनीतल्या एकाचं गालाचं ऑपरेशन झालं, अर्धा जबडा काढला, त्याला मी भेटून आलो होतो. त्यानंतर आरशात गालाच्या आत बघायचंच बंद केलं. दवाखान्याच्या जिन्यातून परत फिरायचो तेव्हा घरी सांगायचो ड्रिलची भीती वाटते. ड्रिलची भीती सांगता तरी येते.

मॅडमनी दाढ नंतर बघितली, आधी तेच बघितलं. दोन्ही गाल आतून बाहेर ताणून, जीभ गॉझने धरून दोन्ही कडा, जिभेखाली, टाळू. बोटाने गाल चाचपून पाहिला. मग म्हणाल्या, तुमचीच तीन बोटं एकावर एक उभी करून तोंडात घाला. गेली. तीन बोटं उभी जाणं म्हणजे तोंड नीट उघडतंय. सुपारीने गाल आतून घट्ट होत जातात, तोंड उघडणं कमी होत जातं, आणि त्याला तंबाखू लागतेच असं नाही, नुसती सुपारी पुरते. हे मला ठाऊक नव्हतं. तंबाखू सोडून सुपारीवर आलो म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेत होतो. डाव्या गालात, पूर्वी बार ठेवायचो त्या जागी जरा पांढुरकं होतं. त्या म्हणाल्या, आज घाबरण्यासारखं दिसत नाही, पण मला पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचंय, आणि तेव्हाही तसंच असलं तर तुकडा तपासायला पाठवू. पंधरा दिवसांनी त्यांनी मोबाईलवरचा आधीचा फोटो शेजारी धरून बघितलं, पुसट झालं होतं. दर सहा महिन्यांनी दाखवायचं ठरलं. ते पंधरा दिवस कसे गेले हे या रिव्ह्यूत लिहीत नाही.

मुलगी पाणी घेऊन आली तेव्हा आम्ही दाढेवर आलो होतो.

दातांना नंबर असतात. तोंडाचे चार भाग, प्रत्येकाचा एक आकडा, मग मधल्या फटीपासून मोजत जायचं. माझी दाढ ३६, म्हणजे खालचा डावा भाग, सहावा दात. गेलेली ती ४६. ड्रॉइंग नंबरसारखं आहे, मला लगेच कळलं. एक्सरे स्क्रीनवर मोठा करून दाखवला. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली, पण मुळं चांगली, रूट कॅनाल करून दाढ वाचेल. वरची १६ नंबरची दाढ रिकाम्या जागेत खाली उतरलेली दिसली. समोर दाढच नाही म्हटल्यावर ती १४ वर्षं हळूहळू खाली सरकत होती. मेटिंग पार्ट, म्हणजे समोर जुळणारा भाग, काढून घेतला की असंच व्हायचं.

खर्च कागदावर लिहून दिला, सही-शिक्का सकट. रूट कॅनाल ४५००. कॅपचे तीन भाव: नुसती धातूची २५००, धातूवर सिरॅमिक ४५००, झिर्कोनिया ८५००. कुठली घ्या म्हणून मागे लागल्या नाहीत. मागची दाढ आहे, दिसायची नाही, धातूचीही चालेल, असं स्वतःहून म्हणाल्या. मी झिर्कोनिया घेतली, त्याचं कारण पुढे येईल. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये हे बसलं नाही, आमच्या पॉलिसीत अपघातात दात गेला तरच मिळतं. ज्यांना एवढं परवडत नाही त्यांच्यासाठी पंचवटीत के.बी.एच. डेंटल कॉलेज आहे. तिथे शिकणारी मुलं सरांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च बराच कमी येतो, वेळ मात्र हाताशी ठेवून जायचं. आमच्या शिफ्टमधल्या दोघांनी तिथेच करून घेतलंय, दोघेही जेवतायत.

दुसऱ्या दिवशी रूट कॅनालचं पहिलं सिटिंग. सुई टोचायच्या आधी हिरडीला जेल लावलं, मग सुई. सुईचं म्हणाल तर मुंगी चावते तेवढं. औषध अगदी हळू सोडलं, मी मनात चाळीसपर्यंत मोजलं. नंतर दहा मिनिटं काहीच केलं नाही. दुसऱ्या पेशंटचं काहीतरी बघून आल्या. मग बर्फासारखा गार बोळा दाढेला लावला. मला टोचल्यासारखं झालं. हात वर.

तेव्हा त्या जे म्हणाल्या त्यासाठी हा सगळा खटाटोप लिहायला बसलो. "नस इतकी सुजलेली असते तेव्हा भूल नीट चढत नाही, खालच्या दाढांना तर जास्तच. ओठ बधिर होतो, पण दाढ जागीच असते. अजून देऊ, आणि वेळ देऊ."

मी विचारलं, "म्हणजे ओठ जड झाला तरी दुखू शकतं?"

"दुखतं ना. पेशंट सांगतो तेच खरं धरायचं."

मला एकदम काही बोलता आलं नाही. तोंडात कापूस होता म्हणून बरं. चौदा वर्षं.

दुसरं इंजेक्शन दाढेच्या अगदी बाजूला दिलं. पुन्हा गार बोळा लावला, काही नाही. त्यानंतर पुढच्या पाऊण तासात मी तीनदा हात वर केला. एकदा थुंकायला, एकदा खरंच जरा कळ आली म्हणून, आणि एकदा नाक खाजलं म्हणून. तिन्ही वेळा सारखंच थांबल्या.

दाढेवर रबराचा पातळ पडदा लावतात, दाढेपुरतं भोक पाडून. मुळांतल्या नळ्या धुवायचं औषध घशात जाऊ नये म्हणून. त्या औषधाचा वास त्र्यंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावासारखा. पोरांना उन्हाळ्यात पोहायला न्यायचो ते आठवत पडून राहिलो.

आता त्या झूंऽऽ आवाजाबद्दल. शेवटी न राहवून विचारलं, याचा आरपीएम किती? म्हणाल्या, तीन-साडेतीन लाख. मी म्हटलं, हजार? म्हणाल्या, लाख. आमच्या व्हीएमसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा, स्पिंडल ८००० ला जातो आणि आम्ही त्यावर मिजास करतो. हे पेनाएवढं यंत्र हवेच्या दाबावर फिरतं, आत इवलीशी टर्बाइन आणि तेवढेच इवले बेअरिंग. पाण्याचा फवारा त्यासोबतच येतो, तो आमचा कूलंट. कूलंट बंद पडला तर आमच्याकडे टूल निळं पडतं, इथे दाताची नस भाजेल. आवाजाचं कारण कळलं तसा तो आवाज मला बेअरिंग ठीक असलेल्या मशीनचा वाटायला लागला. खोटं वाटेल, पण दुसऱ्या सिटिंगला मी डोळे मिटून तो ऐकत होतो.

आणि त्या फाइली! मुळांतल्या नळ्या साफ करायच्या सुया. सहा रंगांच्या मुठी एका ओळीत: पांढरी १५, पिवळी २०, लाल २५, निळी ३०, हिरवी ३५, काळी ४०. हे नंबर म्हणजे टोकाचा व्यास, २५ म्हणजे ०.२५ मिमी. पुढे दर मिलिमीटरला ०.०२ ने जाड होत जाते. टेपर! प्रत्येक फाइलवर एक रबरी स्टॉपर, किती खोल जायचं ते पट्टीवर मोजून आधी लावून ठेवायचा, जसा आपण ड्रिलला डेप्थ स्टॉप लावतो. माझ्या मुळांची लांबी २१ मिमी निघाली. एक वायर ओठाला अडकवतात, फाइल मुळाच्या टोकाशी पोचली की मशीन बीप करतं. शिवाय एक्सरे काढून पुन्हा खात्री. मी काम झाल्यावर त्यांना म्हटलं, एक मोडकी फाइल द्या, मायक्रोमीटर लावून बघतो. वापरलेली देता येत नाही म्हणाल्या, पण नवीन पाकीट दाखवलं. पाठीमागे पेशंट खोळंबले होते, तरी दोन मिनिटं मी ते पाकीट वाचत बसलो.

भूल उतरेपर्यंत खायचं नाही, गाल चावला जातो आणि कळतही नाही. मी ऐकलं. ताक पिऊ म्हटलं तर अर्धं शर्टावर.

कॅपचं थोडं रामायण झालं. झिर्कोनिया मी घेतली ती कशी बनते हे ऐकून. खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून सीएनसीवर मिलिंग करतात, तेही मुद्दाम मोठ्या मापाचं, कारण नंतर सुमारे १५०० डिग्रीच्या भट्टीत ती आकसते, जवळजवळ वीस टक्के. एवढा ॲलाउन्स, म्हणजे वाढीव माप, धरून शेवटी दाढेवर बसायची म्हणजे बघायलाच हवी. बसली चोख. रंग चुकला. लॅबने पाठवलेली पहिली कॅप इतकी पांढरी, की माझ्या तंबाखूच्या दातांत ट्यूबलाइट लावल्यासारखी दिसत होती. रंग जुळवायची पट्टी माझ्यासमोरच धरली होती, लिहिताना घोळ झाला. मॅडमनी चूक मान्य केली, परत पाठवली, जादा पैसे घेतले नाहीत. आठ दिवस आणि एक हेलपाटा गेला. एक तारा त्याचा कापला आहे.

दुसरी कॅप आली तेव्हा त्यांनी एक निळा कागद काढला, दाढेवर ठेवला आणि म्हणाल्या, टक-टक करा. मी केलं. कॅपवर निळे ठिपके उठले, एक जरा गडद. तेवढाच घासला. पुन्हा कागद. पुन्हा टक-टक. अहो, हे तर ब्ल्यू मॅचिंग! डायचे, म्हणजे साच्याचे, दोन भाग बसवताना निळा रंग लावून हाय स्पॉट, म्हणजे वर आलेली जागा, काढतो तेच. पाच वेळा केलं. पाचव्यांदा मी म्हटलं, मागच्या कडेला अजून किंचित आहे. त्यांना ठिपका दिसत नव्हता, तरी घासलं, आणि बसलं. केसापेक्षा बारीक फरक दातांना कळतो म्हणतात. २४ वर्षं मी बोटांनी जे करतोय ते तोंडात सगळ्यांनाच फुकट दिलेलं असतं.

दातांची सफाई १२०० रुपयांत त्याच दरम्यान करून घेतली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. दोन दिवस दातांत फटी झाल्यासारखं वाटतं, ते मळ गेल्यामुळे. ४६ च्या जागी इम्प्लांट की ब्रिज ते दिवाळीनंतर बघू म्हटलं, त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. गुरुवारी दवाखाना बंद. पैसे रोख किंवा फोनवरून, कार्ड चालत नाही.

गेल्या रविवारी निफाडला थोरल्या भावाकडे गेलो होतो. अण्णा ५७ चे, बागेतून घरी आले तरी बार तोंडात असतो. जेवायला बसलो तर वहिनी त्यांना भाकरी कुस्करून देत होत्या. तिखट लागतं म्हणाले, आणि मोठा घास जात नाही. मी म्हटलं, अण्णा, जरा तीन बोटं तोंडात घाला, अशी उभी. हसले, म्हणाले, हे काय नवीन काढलंस. मग घातली. दोनच गेली. तिसरं दातांवर अडकलं, तेही बघत राहिले, मीही.

छाटणी संपली की येतो म्हणाले. मी सोमवारी दुपारी तीनची वेळ घेतलीय. निफाडला गाडी घेऊन मीच जाणार आहे.